तुटलेली जोडणी आणि मध्यवर्ती दप्तर : ऑफलाइन बदलांचा मेळ घालण्याच्या प्रश्नाचा आढावा

ज्या व्यवस्थेत नोंदीची अधिकृत प्रत एका ठिकाणी राहते आणि जिची नोंद घ्यायची ती गोष्ट मात्र दुसऱ्या ठिकाणी घडत असते, त्या प्रत्येक व्यवस्थेपुढे एक अडचण पहिल्यापासून उभी असते. दोन्ही ठिकाणांमधला संपर्क तुटलेला असताना जे बदल झाले ते संपर्क जुळल्यावर अधिकृत प्रतीत कसे घ्यायचे, आणि मधल्या काळात ती प्रतही दुसऱ्या कोणी बदललेली असेल तर कोणाचे खरे मानायचे, ही ती अडचण. संगणकाच्या क्षेत्रात आवृत्ती नियंत्रणाच्या, म्हणजे फाइलींतील प्रत्येक बदलाचा कर्ता, वेळ आणि आशय जपून ठेवणाऱ्या प्रणालींच्या, संदर्भात या प्रश्नाचा अभ्यास गेली पन्नास वर्षे चालू आहे. महाराष्ट्रात तोच प्रश्न महसूल दप्तराच्या रूपाने त्याहून कितीतरी जुना आहे, आणि २०२१ पासून तो शेतकऱ्याच्या खिशातल्या मोबाइलपर्यंत येऊन पोहोचला आहे. या दोन परंपरांचा विचार सहसा वेगवेगळा होतो. प्रस्तुत लेखात तो एकत्र केला आहे, कारण एकीने जे नीट सोडवले तेच दुसरीत राहून गेल्याचे वारंवार आढळते.

यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यातील ढाणकी हे अशा विचारासाठी योग्य ठिकाण आहे. गाव बाजारपेठेचे आणि नगरपंचायतीचे, मात्र त्याच्या पाठीशी पैनगंगा अभयारण्याचे जंगल आणि त्या जंगलालगत वसलेली, स्थानिक बोलण्यात ‘बंदी भाग’ म्हणून ओळखली जाणारी गावे आहेत. कापूस, सोयाबीन, तूर, हरभरा ही इथली मुख्य पिके. झाडी आणि चढउतार यांमुळे मोबाइलची रेंज एका शिवारात मिळते आणि शेजारच्या शिवारात मिळत नाही, ही इथल्या शेतकऱ्याच्या नित्याच्या अनुभवाची बाब आहे. पैनगंगेपलीकडे मराठवाडा सुरू होतो, आणि जमिनीच्या नोंदींच्या दृष्टीने ही नदी दीर्घकाळ खरोखरीची सीमा होती. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ही १५ ऑगस्ट १९६७ रोजी लागू होईपर्यंत ढाणकीच्या बाजूला मध्य प्रदेशाची १९५४ ची महसूल संहिता चालत होती, तर पलीकडच्या काठाला हैदराबाद संस्थानाचा १३१७ फसलीचा कायदा. एकाच नदीच्या दोन काठांवरच्या दोन दप्तरपद्धती एका कायद्याखाली आणणे हाही मेळ घालण्याचाच एक प्रकार होता.

प्रथम संगणकाच्या बाजूकडे पाहणे सोयीचे, कारण तिथे प्रश्नाची मांडणी अधिक स्वच्छ झालेली आहे. आवृत्ती नियंत्रणाची पहिली महत्त्वाची प्रणाली, एससीसीएस, मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ मध्ये बेल प्रयोगशाळेत तयार केली. पुढे १९८२ च्या सुमारास वॉल्टर टिची यांनी पर्ड्यू विद्यापीठात आरसीएस ही प्रणाली सिद्ध केली. या दोहोंची मूळ धारणा कुलपाची होती: ज्याला फाइल बदलायची आहे त्याने ती आपल्या नावे अडकवून घ्यावी, काम संपल्यावर परत करावी, आणि तोवर इतरांनी फक्त वाचावी. या रचनेत विसंगती उद्भवतच नाही, परंतु ती टिकण्यासाठी सर्वांचा मध्यवर्ती प्रतीशी सतत संबंध असावा लागतो. डिक ग्रून यांनी १९८६ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे सीव्हीएस लिहिले ते नेमके या अटीला कंटाळून. दोन विद्यार्थ्यांबरोबर एकाच प्रकल्पावर काम करताना तिघांच्या वेळा जुळत नव्हत्या, आणि कुलूप लावून निघून गेलेल्या माणसाची वाट पाहणे परवडत नव्हते. त्यांनी सर्वांना एकाच वेळी आपापल्या प्रतीवर काम करू दिले आणि जुळवाजुळव परतीच्या क्षणावर टाकली. आज या विषयात जे काही चालते त्याचा बराचसा भाग या एका निर्णयाचा विस्तार आहे.

या दोन टोकांच्या मध्ये असलेली एक रचना ऑफलाइन कामाच्या प्रश्नासाठी विशेष बोधक ठरते. क्रिस्टोफर सायवाल्ड यांनी १९९५ मध्ये स्थापन केलेल्या पर्फोर्स या कंपनीच्या प्रणालीत सर्व्हर प्रत्येक वापरकर्त्याच्या संगणकावर कोणत्या फाइलीची कोणती आवृत्ती पोहोचली आहे याची यादी स्वतःकडे ठेवतो; संगणकावर उतरलेल्या फाइली एरवी केवळ वाचण्यापुरत्या असतात, आणि बदल करण्यापूर्वी वापरकर्त्याने सर्व्हरला तसे कळवणे अपेक्षित असते. प्रवासात किंवा जोडणी तुटलेली असताना असे कळवणे शक्य नसते. वापरकर्ता मग फाइलीवरचे बंधन काढून टाकतो, बदल करतो, नव्या फाइली निर्माण करतो, काही पुसतो, काहींची नावे बदलतो, आणि सर्व्हरला यातल्या कशाचीच खबर नसते. जोडणी परत आल्यावर प्रणालीला सर्व्हरवरची यादी आणि संगणकावरची प्रत्यक्ष स्थिती समोरासमोर ठेवून तीन प्रकार वेगळे काढावे लागतात: जे दोन्हीकडे आहे पण आशयाने वेगळे झाले आहे, जे यादीत आहे पण संगणकावर उरलेले नाही, आणि जे संगणकावर आहे पण यादीत नाही. पहिल्याला बदल, दुसऱ्याला लोप आणि तिसऱ्याला भर समजले जाते. हे काम पूर्वी वापरकर्त्याला अनेक आज्ञा जोडून करावे लागे. २०१२ मध्ये त्यासाठी ‘रिकन्साइल’ ही एकच आज्ञा आली.

या प्रक्रियेत क्रमाला जे महत्त्व आहे ते नवख्या माणसाच्या लक्षात येत नाही आणि पुष्कळदा काम गमावण्याचे कारण तेच ठरते. घरी परतलेल्या वापरकर्त्याची पहिली इच्छा सर्व्हरवरचे ताजे काम आपल्याकडे ओढून घेण्याची असते. सर्व्हरच्या दृष्टीने त्याच्या फाइली अजून न बदललेल्याच असल्यामुळे, सक्तीची आज्ञा दिली तर सर्व्हर त्यांवर नवी आवृत्ती बिनदिक्कत उतरवतो आणि ऑफलाइन केलेले काम पुसले जाते. साधी आज्ञा दिली असता, बंधन काढलेल्या फाइलीवर लिहिण्यास प्रणाली सामान्यतः नकार देते, आणि हा नकार म्हणजेच वापरकर्त्यासाठी शेवटचा बचाव असतो. तो अडथळा समजून सक्ती करणे ही घातक चूक आहे. म्हणून आधी आपले बदल सर्व्हरला कळवावेत, मग इतरांचे बदल घ्यावेत, त्यानंतर दोहोंचा मेळ घालावा आणि सर्वांत शेवटी आपले काम सादर करावे, असा क्रम पाळावा लागतो. परिघावर झालेल्या कामाची केंद्राला ओळख पटण्यापूर्वी केंद्राची प्रत परिघावर लादली जाऊ नये, हे या क्रमामागचे तत्त्व आहे, आणि ते फाइलींच्या पलीकडेही लागू पडते.

बदल ओळखण्याची पायरी वरवर यांत्रिक वाटते, पण तिच्यातही फसगती आहेत. फाइलीवरच्या वेळेच्या ठशावर विसंबावे तर घड्याळ चुकलेला संगणक सगळेच बिघडवतो; आशयावरून काढलेल्या संक्षिप्त अंकावर, म्हणजे हॅशवर, विसंबणे भरवशाचे, परंतु हजारो फाइली वाचाव्या लागत असल्याने वेळखाऊ. ओळीच्या शेवटी येणारे अदृश्य चिन्ह विंडोज आणि युनिक्स यांत वेगळे असल्यामुळे एक अक्षरही न बदललेली फाइल पूर्णपणे बदललेली दिसू शकते. नाव बदललेली फाइल ही एक लोप आणि एक भर अशी दोन तुकड्यांत दिसते, आणि त्यांची जोडी आशयाच्या साम्यावरून अंदाजाने लावावी लागते. मराठीत लिहिणाऱ्यांसाठी यात आणखी एक पेच आहे. ‘शेतकऱ्यांची यादी’ या नावातला आडव्या रफाराचा ‘ऱ्या’ युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे साठवता येतो: स्वतंत्र ‘ऱ’ वापरून, ‘र’ला खालचा नुक्ता जोडून, किंवा ‘र्’पुढे जोडणीचे अदृश्य चिन्ह घालून. यांतील पहिले दोन प्रकार युनिकोडच्या नियमांनुसार समतुल्य आहेत, तिसरा तसा नाही, आणि पडद्यावर मात्र तिन्ही सारखेच दिसतात. जी प्रणाली नावे संकेतांकांनुसार जुळवते तिला या तीन वेगवेगळ्या फाइली वाटतात, आणि मेळ घालताना ती एकीचा लोप व दुसरीची भर नोंदवून मोकळी होते. मॅक संगणकांच्या जुन्या फाइलरचनेने नावे विघटित रूपात साठवल्यामुळे गिटसारख्या प्रणालीलाही त्यासाठी वेगळी तजवीज करावी लागली. जमिनीच्या दप्तरात खातेदाराच्या नावांबाबत हाच पेच येतो, आणि तिथे त्याची किंमत अधिक असते.

बदल ओळखल्यावर खरा प्रश्न उरतो तो परस्परविरोधी बदलांचा. बेल प्रयोगशाळेत डग्लस मॅक्‌इलरॉय यांनी सत्तरच्या दशकात लिहिलेल्या ‘डिफ’ या साधनाने दोन मजकुरांतला फरक कमीत कमी ओळींत दाखवण्याची सोय केली. केवळ दोन मजकूर समोर ठेवले तर ते वेगळे आहेत एवढेच कळते. कोणी काय बदलले हे कळत नाही. दोघांच्या हाती काम सुरू होताना जी समान प्रत होती ती तिसरी म्हणून शेजारी ठेवली, की एका बाजूने जोडलेली ओळ आणि दुसऱ्या बाजूने वगळलेली ओळ यांतला भेद दिसू लागतो. १९७९ च्या युनिक्समध्ये आलेले ‘डिफ-३’ हे साधन या त्रिपक्षी तुलनेवर उभे आहे, आणि त्यानंतरची मेळ घालण्याची जवळजवळ सर्व व्यावहारिक तंत्रे तिच्यावरच विसंबतात. या समान प्रतीला प्रस्तुत लेखात ‘मूळ प्रत’ म्हटले आहे. मूळ प्रत हरवली की मेळ घालणे हे पुराव्याचे काम न राहता समजुतीचे किंवा जबरदस्तीचे होते.

जोडणी तुटणे ही अपवादात्मक आपत्ती न मानता कामाची सामान्य अवस्था मानावी, हा विचार संशोधनात ठामपणे आणला तो कार्नेगी मेलन विद्यापीठात महादेव सत्यनारायणन यांच्या नेतृत्वाखाली विकसित झालेल्या ‘कोडा’ या फाइलप्रणालीने. जेम्स किस्लर आणि सत्यनारायणन यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या शोधनिबंधात तीन अवस्था सांगितल्या आहेत: जोडणी असताना लागणाऱ्या फाइलींची आगाऊ साठवण, जोडणी तुटल्यावर प्रत्येक कृतीची रोजनिशी ठेवत स्थानिक प्रतीवर काम, आणि जोडणी परतल्यावर त्या रोजनिशीचे सर्व्हरवर पुनर्वाचन. अंतिम स्थितीऐवजी कृतींची नोंद जपण्यातला फायदा असा, की नाव बदलणे ही एकच कृती म्हणून कळते, तिचा अंदाज लावावा लागत नाही. झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रात १९९५ च्या सुमारास झालेल्या ‘बेयू’ प्रकल्पाने पुढचे पाऊल टाकले. तिथे प्रत्येक नोंद प्रथम तात्पुरती असते, ती कोणत्या अटीवर ग्राह्य आहे हे नोंदीबरोबरच लिहिलेले असते, आणि नेमलेल्या मुख्य सर्व्हरने क्रम निश्चित केल्यावरच ती कायम होते. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्येच दाखवून दिले होते, की दूरदूरच्या संगणकांत घटनांचा क्रम भिंतीवरच्या घड्याळाने ठरवता येत नाही, तो कोणती घटना कोणत्या घटनेच्या माहितीनंतर घडली यावरून ठरवावा लागतो. अलीकडे, मार्क शापिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये नाव दिलेल्या, कोणत्याही क्रमाने एकत्र केल्या तरी सर्वत्र एकाच स्थितीला पोहोचणाऱ्या माहितीरचनांचा बराच बोलबाला आहे. त्या उपयुक्त आहेत यात शंका नाही. मात्र सर्व प्रती एकसारख्या होणे आणि त्या बरोबर असणे या वेगळ्या गोष्टी आहेत, याचे भान त्यांच्या पुरस्कर्त्यांच्या उत्साहात कधीकधी सुटते.

२००५ च्या एप्रिलमध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी सुरू केलेले गिट आणि त्याच महिन्यात मॅट मॅकॉल यांनी जाहीर केलेले मर्क्युरियल यांनी प्रत्येक वापरकर्त्याला संपूर्ण इतिहासाची प्रत देऊन ऑफलाइन हा शब्दच जवळपास निरर्थक केला. तरीही प्रश्न संपला नाही, त्याची जागा बदलली. स्थानिक इतिहास आणि सामाईक इतिहास वेगळे वाहत गेले की सामाईक ठिकाण नवा मजकूर स्वीकारण्यास नकार देते आणि मेळ घालून परत येण्यास सांगते. ओळी एकमेकींना न भिडताही अर्थ भिडू शकतो, ही अडचणही तशीच आहे: एकाने एखाद्या कार्याचे नाव बदलले आणि दुसऱ्याने दुसऱ्याच फाइलीत जुन्या नावाने ते वापरले, तर मेळ बिनतक्रार होतो आणि कार्यक्रम मात्र मोडतो.

महसूल दप्तराकडे वळताना हा अर्थाचा विरोध ध्यानात ठेवणे आवश्यक आहे, कारण तिथल्या बहुतेक विसंगती त्याच जातीच्या असतात. सातबारा म्हणजे गाव नमुना सात, जो जमिनीवरच्या हक्कांचे पत्रक आहे, आणि गाव नमुना बारा, जो पिकांची नोंद आहे, यांचा जोड. त्यामागे गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, उभी असते. फेरफार नोंदवही ही खऱ्या अर्थाने बदलांची रोजनिशी आहे: प्रत्येक फेरफाराला क्रमांक, तारीख, हक्काचे स्वरूप आणि कारण असते, आणि सातबाऱ्यावरच्या प्रत्येक नावापाशी ते ज्या फेरफाराने आले त्याचा क्रमांक लिहिलेला असतो. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर कमी झालेले नाव खोडले जात नसे, त्याला कंस केला जाई, म्हणजे काढून टाकलेली स्थितीही वाचता येत असे. सॉफ्टवेअरच्या जगाला १९७२ मध्ये जे सुचले त्यातला बराच भाग रयतवारी दप्तरात त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या वापरात होता.

महत्त्वाचे हे, की जमिनीवरचा हक्क दप्तरात निर्माण होत नाही. तो खरेदीखताने, वारसाने, वाटणीने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने दप्तराबाहेर निर्माण होतो आणि दप्तर मागाहून त्याचा पाठलाग करते. संहितेच्या कलम १४९ नुसार हक्क संपादन करणाऱ्याने तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचे असते. कलम १५० ने पुढची सारी पद्धत बांधून दिली आहे. तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, फेरफार नोंदवहीत नोंद घेतात, ती चावडीवर लावतात, ज्यांचा संबंध पोहोचतो त्या सर्वांना नोटीस देतात. हरकतीसाठी पंधरा दिवस राखले जातात. हरकत आली तर प्रकरण वादग्रस्त नोंदवहीत जाते आणि वरिष्ठ अधिकारी ते ऐकून निर्णय देतात. न आल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि मगच ती सातबाऱ्यावर उतरते. बेयूमधली तात्पुरती नोंद आणि कायम नोंद यांतला भेद इथे कायद्याच्या भाषेत आधीच लिहिलेला आहे, आणि त्याला एक जोड आहे जी कोणत्याही आवृत्ती नियंत्रण प्रणालीत इतक्या स्पष्टपणे आढळत नाही: ज्याच्या मजकुरावर परिणाम होणार आहे त्याला बोलण्याची संधी दिल्याशिवाय मेळ पूर्ण होत नाही. सॉफ्टवेअरमध्ये शेवटी लिहील त्याचे खरे, हा नियम सोपा म्हणून सर्रास वापरला जातो. हक्काच्या नोंदीत तो अन्यायाचे साधन ठरला असता.

या भक्कम पद्धतीला संगणकीकरणाच्या काळात जो धक्का बसला तो मूळ प्रतीच्या बाजूने. भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणासाठी केंद्राचे अर्थसाहाय्य १९८८-८९ पासून सुरू झाले, २००८ मध्ये राष्ट्रीय आधुनिकीकरण कार्यक्रम आला, आणि महाराष्ट्रात त्याच्याच पुढच्या टप्प्यात ई-फेरफार प्रकल्प उभा राहिला. लाखो हस्तलिखित पाने टंकित करताना नावे चुकली, क्षेत्राची बेरीज जुळेनाशी झाली, फेरफार क्रमांक गळाले. काही काळ गावात हस्तलिखित सातबारा आणि तालुक्याला संगणकीय सातबारा अशा दोन प्रती एकमेकींशी न जुळणाऱ्या अवस्थेत अस्तित्वात होत्या, आणि दोन्हींवर कोणी ना कोणी विसंबून होते. त्यांचा मेळ घालण्यासाठी शासनाने आधी एडिट आणि नंतर री-एडिट या नावांच्या दुरुस्ती-आज्ञावली दिल्या, आणि २०१७ मध्ये चावडी वाचनाची विशेष मोहीम घेतली. तीत संगणकीय सातबारा गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवायचा आणि ज्याला चूक दिसेल त्याने तिथेच सांगायची, अशी पद्धत होती. या मोहिमेचे मोल तांत्रिक दृष्टीनेही मोठे आहे. मूळ कागद फाटका किंवा संदिग्ध असतो तेव्हा उरलेली मूळ प्रत गावाच्या सामूहिक स्मरणात असते, आणि तिच्याशी तुलना करण्याचा याहून थेट मार्ग नाही.

त्यानंतर १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. उरलेल्या चुकांसाठी कलम १५५ चा मार्ग राहिला, ज्याखाली लेखनप्रमाद, म्हणजे लिहिताना झालेली आणि संबंधितांना मान्य असलेली चूक, आदेशाने दुरुस्त करता येते. हे कलम अतिशय उपयुक्त आहे आणि म्हणूनच जपून वापरावे लागते, कारण लिहिण्यातली चूक आणि हक्कातला वाद यांची सरहद्द नेहमीच ठळक नसते; पहिलीच्या नावाखाली दुसरा मिटवला गेला तर हरकतीची संधीच नाहीशी होते. कलम १५७ नुसार प्रमाणित नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, त्यामुळे चुकीच्या बाजूने घातलेल्या मेळाचा भार त्या क्षणापासून दुबळ्या पक्षावर पडतो. २०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना सुधारला तेव्हा केलेले काही बदल या दृष्टीने अतिशय विचारपूर्वक केलेले दिसतात. कमी झालेल्या नोंदींवर आडवी रेघ मारून त्या वाचता येतील अशा ठेवल्या गेल्या, शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व दिनांक पत्रकावरच आला, आणि प्रलंबित फेरफार वेगळा दाखवला जाऊ लागला. पत्रक हाती घेणाऱ्याला ही आवृत्ती कुठपर्यंतची आहे आणि तिच्यात अजून काय येऊ घातले आहे हे एका दृष्टिक्षेपात कळणे, ही फार मोठी सोय आहे.

अर्थाच्या विरोधाचे एक साधे उदाहरण इथे देता येते. खातेदार वारल्यावर एका वारसाने वारस नोंदीसाठी अर्ज केला आणि दुसऱ्याने दरम्यान आपला म्हणून एक हिस्सा विकला, तर दुय्यम निबंधकाकडे नोंदलेले खरेदीखत जोडणीमुळे आपोआप तालुक्याच्या फेरफार कक्षात पोहोचते, आणि अर्जाची वाटचाल मात्र माणसाच्या हाताने होते. दोन्ही फेरफार आपापल्या जागी निर्दोष असतात. एकत्र केल्यावर हिश्श्यांची बेरीज जमिनीपेक्षा जास्त भरू शकते. खात्यातील क्षेत्राची बेरीज, गाव नमुना आठ-अ वरची धारणा आणि भूमी अभिलेख विभागाकडचा आकारबंद यांचा ताळा घेणे हीच अशा विरोधाची खरी चाचणी, आणि ती मेळ घातल्यानंतर घेण्यापेक्षा प्रमाणित करण्यापूर्वी घ्यावी लागते.

हक्काच्या नोंदीत केंद्र लिहिते आणि परिघाने हरकत घ्यायची असते. पिकाच्या नोंदीत हे नाते १५ ऑगस्ट २०२१ रोजी उलटे झाले, जेव्हा टाटा ट्रस्टच्या सहकार्याने तयार झालेले ई-पीक पाहणी हे मोबाइल अॅप राज्यभर लागू करण्यात आले. पूर्वी तलाठी शिवारात फिरून पीक पाहणी करीत. आता शेतकरी स्वतः शेतात उभा राहून गट क्रमांक, पीक, क्षेत्र, सिंचनाचे साधन भरतो आणि पिकाचे छायाचित्र अक्षांश-रेखांशासह काढतो. रेंज नसेल तर माहिती मोबाइलमध्ये जतन होते आणि रेंज मिळाल्यावर सर्व्हरवर चढवता येते. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत शेतकऱ्याची स्वयंघोषणा ग्राह्य धरण्यात आली, नोंद केल्यापासून ४८ तासांत दुरुस्तीची मुभा मिळाली, आणि तलाठ्यांनी दहा टक्के नोंदींची पडताळणी करावी असे ठरले. २०२४ पासून केंद्राच्या डिजिटल पीक सर्वेक्षणाशी ही व्यवस्था जोडली गेली आणि मदतीसाठी गावोगाव सहायक नेमण्याची तरतूद आली.

रचनेच्या दृष्टीने हे कोडातील रोजनिशीचेच रूप आहे, आणि बंदी भागासारख्या मुलखासाठी याहून योग्य रचना सुचवणे कठीण आहे. परंतु रोजनिशीत नोंद होणे आणि ती सर्व्हरपर्यंत पोहोचणे यांतले अंतर शेतकऱ्यासाठी निर्णायक ठरते. पीककर्ज, हमीभावाची खरेदी आणि अतिवृष्टीची भरपाई यांसाठी सातबाऱ्यावरची पिकाची नोंद पाहिली जाते, आणि ती नोंद हंगामाच्या ठरलेल्या मुदतीत सर्व्हरवर असावी लागते. ज्याने मुदतीच्या आत शेतात उभे राहून छायाचित्र काढले पण ढाणकीच्या बाजाराला येऊन माहिती चढवण्यापूर्वी मुदत संपली, त्याचे पीक दप्तराच्या दृष्टीने पेरलेच गेलेले नसते. त्याच्यासारख्याच शेजाऱ्याला केवळ शिवारात रेंज मिळाली म्हणून वेगळा न्याय मिळणे कोणत्याही कसोटीवर समर्थनीय ठरत नाही. मोबाइल संच पुसला गेला, बिघडला किंवा बदलला तर जतन केलेली माहिती त्याच्याबरोबर जाते, हा धोका वेगळाच.

यावर केवळ मुदत वाढवणे हा उपाय अपुरा आहे, कारण तो दर हंगामात नव्याने मागावा लागतो. घटनेची वेळ आणि पोहोचण्याची वेळ या दोन स्वतंत्र बाबी म्हणून नोंदवून, मुदतीसाठी पहिली ग्राह्य धरणे हा अधिक न्याय्य मार्ग आहे. त्याला आक्षेप असा घेतला जाईल, की मोबाइलचे घड्याळ मागे करून खोटी वेळ दाखवता येते. हा आक्षेप खरा आहे, आणि लॅम्पोर्ट यांच्या मांडणीचा धडा इथेच कामी येतो: केवळ घड्याळावर न विसंबता, त्या मोबाइलचा सर्व्हरशी शेवटचा संपर्क कोणत्या नोंदीपर्यंत झाला होता, छायाचित्रांचा आपसांतील क्रम काय, उपग्रहांकडून मिळालेली वेळ काय आणि छायाचित्रातील पिकाची वाढ त्या तारखेशी सुसंगत आहे काय, हे सारे एकत्र तपासता येते. उशिरा पोहोचलेल्या नोंदी थेट नाकारण्याऐवजी पडताळणीच्या दहा टक्क्यांत प्राधान्याने घ्याव्यात, म्हणजे शंकेचे निरसन शेतात जाऊन होईल. याबरोबर, माहिती मोबाइलमध्ये जतन झाली त्याच क्षणी शेतकऱ्याला क्रमांकासह पोच दिसावी, आणि ती सर्व्हरवर पोहोचली की त्याच क्रमांकाची दुसरी पोच यावी. आज ‘जतन झाले’ हे शब्द वाचून काम पूर्ण झाले असे समजणे अगदी स्वाभाविक आहे.

एक बाब अजून अनिर्णित आहे. शेतकऱ्याने एक पीक नोंदवले आणि सहायकाने त्याच गटावर दुसरे, तर मूळ प्रत कोणती मानावी हा प्रश्न तंत्राने सुटत नाही, कारण शेतात काही पेरलेले असण्यापूर्वीची समान स्थिती ही रिकामी जागा असते. हक्काच्या नोंदीत अशा प्रसंगी नोटीस, हरकत आणि सुनावणी आहे. पिकाच्या नोंदीत दोन्ही बाजूंची छायाचित्रे साठवलेली असल्याने ती समोरासमोर ठेवून, संबंधिताला बोलावून निर्णय देण्याची तशीच बांधीव पायरी कलम १५० च्या धर्तीवर आखली गेली, तर मंडळ अधिकाऱ्याला पीक काढणीपूर्वीच शिवारात जाऊन तो निर्णय देणे शक्य होईल, कारण काढणीनंतर दोन्ही छायाचित्रांपैकी एकाचीही खातरजमा करायला शेतात काही उरत नाही.